अंध टपालमंत्री हेन्री फॉसेट

हेन्री फॉसेट यांचा जन्म इंग्लंडांत सॅलिसबरी येथें १८३३ सालीं झाला. १८५८ सालीं शिकारीस गेले असतां वडिलांच्याच बंदुकीचे छरे लागून त्यांचे दोन्ही डोळे गेले. वय अवघें पंचवीस! तरी वडिलांच्या दुःखापुढें स्वतःचें दुःख गिळून त्यांनीं पूर्वींचा क्रम न सोडण्याचा निश्चय केला. १८६३ सालीं ते केंब्रिज येथें अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६५ सालीं पार्लमेंटांत गेले. तेथें हिंदी रयतेच्या पैशासाठीं ते इतके झगडले कीं, लोक त्यांस हिंदुस्थानचे सभासद म्हणूं लागले.

१८८० सालीं टपालखातें त्यांच्याकडे आलें. चिटणिसांनीं कागद वाचावे, त्यांनीं ऐकून निर्णय द्यावा, असें काम चाले. त्यांच्या कारकीर्दींत पोस्टल ऑर्डर निघाल्या, एक पेनीचीं बारा तिकिटें चिकटवून गरिबांस बचतीचें खातें उघडतां येऊं लागलें, व १८८३ सालीं पार्सल टपाल सुरू झालें. अंधांस निराळ्या आश्रमांत कोंडूं नये, चारचौघांत वावरूं द्यावें, असें त्यांचें मत होतें. ६ नोव्हेंबर १८८४ रोजीं ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, आज कागद वाचण्याचें काम संगणकही करतो. तेव्हां कोल्हापुरांतील एखादा अंध तरुण कचेरींत काम मागूं आल्यास त्याच्या डोळ्यांकडे न पाहतां त्याची बुद्धि व चिकाटी पाहावी, हाच या चरित्राचा बोध होय.