रेव्हरंड टिळकांचे गाणे

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव जुन्या मराठी घरांत बहुधा दोन वाटांनी पोचलेले असते. एक वाट शाळेच्या पुस्तकातून, घायाळ पक्षिणीच्या कवितेबरोबर. दुसरी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून. पहिल्या वाटेने फुलामुलांचे कवी भेटतात आणि दुसरीने विसराळू, उदार आणि तापट नवरा. चर्चमध्ये गायची गाणी रचणारे टिळक मात्र ख्रिस्ती समाजाबाहेर फारसे कुणी ऐकलेले नाहीत. माझ्यासारख्या गाणे शिकवणाऱ्याला मोठे वाटतात ते हे तिसरे टिळक.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 6 डिसेंबर 1861 रोजी चित्पावन ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई भक्तिमार्गी, कवितेचे वेड असलेली. ती लवकर गेली आणि मुलाचे घर सुटले ते कायमचेच. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत शिकून घेतले, थोडे इंग्रजी शिकले, आणि पोटासाठी शाळा अर्ध्यावर सोडली. 1880च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. त्याच पुढच्या लक्ष्मीबाई. संसार कुठेच स्थिरावला नाही. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी कीर्तन, परवा आणखी कुठे. नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले तेव्हा कुठे थोडी उसंत लाभली. मूर्तिपूजा आणि जातिभेद यांवरचा त्यांचा विश्वास तोवर उडाला होता. देशाला नवा धर्म हवा, तो आपणच मांडावा, असे विचार डोक्यात घोळत होते.

1893 साली नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणे निघाले ते संस्कृत कवितेवर. उतरताना त्या गृहस्थाने ‘नवा करार’ हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायचे वचन दिले होते, म्हणून वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून पुढे त्यांना ते खाली ठेववेना. शत्रूवर प्रेम करा, ही शिकवण त्यांना परक्या देशाची वाटली नाही. तुकोबांचे अभंग ज्याच्या तोंडी वसलेले, त्याला ती ओळखीच्या आवाजासारखी आली. तुकाराम हाच आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल झाला, असे ते पुढे आयुष्यभर मानीत आले.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता भारतीय पाळकाच्या हातून. पत्नीला त्यांनी आधी सांगितले नव्हते. नातलगांनी लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या दत्तूला आपल्याकडे ठेवून घेतले आणि जवळजवळ पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली. हा काळ ‘स्मृतिचित्रां’त वाचावा, त्यावर माझ्यासारख्याने शब्द वाढवू नयेत. एवढे मात्र म्हटले पाहिजे की ज्या माणसाने जगाला प्रेम शिकवायचे मनावर घेतले, त्याने घरातल्या माणसाला या निर्णयात विचारले नाही, आणि त्याची किंमत मुख्यतः तिने भरली. पुढे त्या नगरला आल्या, प्रथम सोवळे सांभाळून वेगळी चूल मांडून राहिल्या, आणि जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा निकाल स्वतःच्या मनाशी लावल्यावर 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा एका धडाक्यात गेला. बायको एकेक पायरी तपासत आली. मला तिची चाल अधिक पक्की वाटते.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे मिशनचे मोठे ठाणे. डॉ. ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवू लागले, आणि तिथल्या उपासनेत त्यांच्या कानाला खटकणारी गोष्ट रोज समोर येऊ लागली. चर्चमधली बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती विलायती चालींवर गायली जात. यात अडचण काय, हे गाणाऱ्याला लगेच कळते. इंग्रजी चाल शब्दातल्या आघातावर चालते. मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर नाहीतर अक्षरसंख्येवर. मराठी शब्द त्या साच्यात कोंबला की दीर्घ अक्षर आखूड सुरावर आपटते, ऱ्हस्व अक्षर उगीच ताणले जाते, आणि देवाला मारलेली हाक दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखी वाटते. भाव खरा असतो, पण उच्चार उसना.

टिळकांनी अभंग घेतला. मोठ्या अभंगाची घडण वाचकांस ठाऊक आहेच: सहा सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चारांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. त्या आखूड चौथ्या चरणावर समुदायाला श्वास मिळतो आणि टाळकरी पुन्हा ध्रुपद उचलतात. त्याला तालीम घेतलेला गळा लागत नाही, स्वरलिपीचे पुस्तक लागत नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळी बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली. चोखोबांचे अभंग आणि गावचे भजन त्यांच्या घरचेच होते. तेव्हा टिळकांनी त्यांना गाणे दिले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. गाणे त्यांच्यापाशी होतेच; चर्चचे दार त्याला बंद होते, ते टिळकांनी उघडले. त्यांच्याआधी नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात केली होती, हेही विसरू नये. टिळकांनी त्या वाटेवर जन्मभर काम केले, आणि मराठी चर्चच्या ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

याला विरोध झाला नसता तरच नवल. टाळमृदंग वाजला की काहींना सोडून आलेल्या देवळाची आठवण होई. बाके, कोट आणि बाजाची पेटी म्हणजेच ख्रिस्ती धर्म, असा समज रुजलेला होता. टिळकांचे म्हणणे असे की ख्रिस्त पौर्वात्य होता, त्याला विलायती पोशाखात इथे आणण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून आपल्या ओव्या-आरत्या टिकवणाऱ्या आपल्या घरांना यातले मर्म फोडून सांगायला नको.

1904 साली त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. 1912 पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे ते संपादक होते. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. त्यांच्या काही गीतांची निकोल मॅक्‌निकोल यांनी इंग्रजी रूपांतरे केली आणि ती इंग्रजी गीतसंग्रहांत गेली. एकेकाळी तिकडची गीते इकडे येत होती. आता एक ओढा उलटा वाहिला.

दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्याला एक गोष्ट लवकर कळते: अन्न कुणाचे, यावर गाण्यात काय म्हणावे आणि काय गिळावे हे बरेच ठरते. मिशनमध्ये सत्ता गोऱ्यांची आणि पगारही त्यांचा, ही बोच टिळकांना वर्षानुवर्षे होती, मिशनऱ्यांवर मनापासून प्रेम असूनही. 1917 साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. ख्रिस्ताचा शिष्य ही एकच ओळख पुरे. चर्चच्या रीतीने पाहता हे फार धाडसाचे होते. बाप्तिस्म्याविना शिष्य कसा, हा प्रश्न सोपा नाही, आणि टिळकांनी त्याचे उत्तर शास्त्रार्थाने दिले असे मला वाटत नाही; त्यांनी ते कवीच्या अंतःकरणाने दिले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण पुढे पुण्यात ख्रिस्ती आश्रम उभारणाऱ्या फादर विन्स्लो यांनी 1923 साली इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले, यावरून ती ठिणगी कुठवर गेली ते दिसते.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन केले.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी हाती घेतले होते, पण सुरुवातीचे थोडे अध्याय होऊन ते थांबले होते. लहानपणी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. त्या 1936 साली वारल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी पुरा केला, आणि 1938 साली तिघांचे मिळून ते पुस्तक बाहेर पडले.