रानड्यांच्या वाड्यातून ससूनच्या वॉर्डात

परभणीच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात पहाटेच्या वेळी जायचा प्रसंग अनेकांवर आला असेल. रात्रपाळी संपत आलेली सिस्टर डोळे ताणून उभी असते, हातात कुणाचे तरी दोन दिवसांचे पोर असते, आणि सुनेबरोबर आलेली सासूबाई तिला पुनःपुन्हा काहीतरी विचारत असते. ही सिस्टर गंगाखेडकडची की सेलूकडची, कुणाची कोण, हे तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही.

मी बँकेत असताना, ऐंशीच्या दशकात, याच जिल्ह्यातले एक गृहस्थ मुलीचे खाते उघडायला आले होते. व्यवसायाचा रकाना आला तसा त्यांनी आवाज खाली आणला आणि नुसते दवाखान्यात नोकरी असे लिहा म्हणून सांगितले. मुलीने फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने ‘नर्स’ असे लिहिले. ऐंशीच्या दशकात ही स्थिती, तर १९०९ साली पुण्याच्या पेठांत काय असेल? त्या काळात ज्या बाईने हा रकाना भरण्याची सोय केली, त्या म्हणजे रमाबाई रानडे.

सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झाले. ते एकतीस वर्षांचे, बिजवर. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माणसाने वडिलांच्या शब्दाखातर कुमारिकेशी लग्न केले म्हणून लोकांनी त्यांना खूप बोल लावले. मुलीला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी तिला मराठी शिकवले, मग इंग्रजी. इंग्रजीचे पुस्तक हाती आले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची तोंडे सुटली. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही सोडले नाही. स्वयंपाकघरही सांभाळले. न भांडता आपलेच खरे करण्याची ही रीत पुढे त्यांना फार उपयोगी पडली.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. पतीचे आजारपण त्यांनी स्वतः काढले होते. पदरी मूल नव्हते. वर्षभर त्या पुण्याच्या घरात जवळजवळ एकान्तात राहिल्या. नंतर बाहेर पडल्या त्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला आणि इस्पितळातल्या रोग्यांना फळे, फुले, पुस्तके द्यायला. १९०८ मध्ये मुंबईला मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढले तेव्हा रमाबाईंना पुढे केले. दुसऱ्याच वर्षी, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने, पुण्यात रानड्यांच्याच वाड्यात सेवासदन सुरू झाले.

शिवण, शिक्षण, संगीत यांना फारसा विरोध झाला नसता. खरी अडचण नर्सिंगची होती. बाळंतपण म्हणजे सुवेर; अंधारी खोली, शेगडीचा धूर आणि सुईण. सुईणीच्या हातात अनुभव असे, पण ते हात स्वच्छ धुतलेले असतीलच असे नाही, आणि सूतिकाज्वराने कितीतरी बायका जात. हे सगळ्यांना दिसत होते. तरीही कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवायचे, त्याची घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचे, हे काम आपल्या लेकीसुनांचे नव्हे, ख्रिस्ती बायकांचे, अशी समजूत पक्की होती. एरवी ज्या विधवेला घरात काडीची किंमत नसे, ती दवाखान्यात जायला निघाली की मात्र तीच घराण्याची अब्रू ठरत असे!

रमाबाईंनी विरोधकांशी वाद घातला नाही. मुलींना ससूनमध्ये शिकायला पाठवले आणि त्यांच्यासाठी वेगळे वसतिगृह काढले. लोकांचे तोंड बंद झाले ते व्याख्यानांनी नव्हे, असे मला वाटते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या देखरेखीखाली मुलगी राहते, असे सांगितले की नातेवाइकांना पुढे बोलता येत नसे. आपले कुंकू पुसले गेले तरी आपल्या नावाची पत उरली आहे, हे त्यांनी ओळखले होते. बँकवाल्याच्या भाषेत सांगायचे तर शेकडो मुलींना त्या जामीन राहिल्या.

मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि स्त्रियांना मताधिकार यांसाठीही त्या झटल्या. तो विषय वेगळ्या लेखाचा. त्यांचे हे वारे आपल्या भागात यायला मात्र वेळ लागला, कारण १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती.

अखेरच्या वर्षांत रमाबाई आषाढी-कार्तिकीच्या यात्रांना आळंदीला जात. बरोबर सेवासदनाच्या स्वयंसेविका असत. यात्रेला आलेल्या बायकांची त्या सेवा करीत. १९२४ साली रमाबाई वारल्या.