पंडित भगवानलाल इंद्रजी आणि सोपाऱ्याची बुजलेली खाडी

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे यावीत असा रिवाज आहे व तो योग्यच आहे. तथापि यंदा ज्यांचे चरित्र सांगण्याचे मी योजिले आहे ते आपल्या ज्ञातीचे नव्हत. आपल्या प्रांताचेही नव्हत. ते जुनागडचे नागर ब्राह्मण होते. परंतु आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची मूळ घरे ज्या वसई-सोपारा-आगाशी पट्ट्यात आहेत, त्या भूमीला तिचे विसरलेले मोठेपण त्यांनी परत मिळवून दिले. हे ऋण ज्ञातीपलीकडचे आहे, आणि ते मान्य केल्याने आपल्या ज्ञातीस कमीपणा न येता शोभाच येईल.

प्रथम त्या भूमीविषयी थोडेसे. आज नालासोपारा स्थानकावर उतरणाऱ्या माणसास येथे एके काळी गलबते लागत असत हे सांगून खरे वाटणार नाही. परंतु दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणेची खाडी यांना जोडणारा एक जलमार्ग पूर्वी सोपाऱ्याजवळून जात असे. त्याच्या पश्चिमेचा वसई-आगाशीचा भाग त्यामुळे बेटासारखा होता, आणि पोर्तुगीज अमलातही वसईस बेट असेच समजत. आतल्या बाजूस असलेल्या या शांत पाण्यात पावसाळी वाऱ्यापासून तारवांना आसरा मिळे. महाभारताच्या वनपर्वात शूर्पारक तीर्थाचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात येथे धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी व्यापाऱ्याने भडोच व कल्याण यांच्या दरम्यानच्या बंदरांत सोपाऱ्याचे नाव घेतले आहे. पुढे अरब प्रवाशांनीही ते नोंदविले. शिलाहार राजा अनंतदेव याने शके १०१६ मध्ये दिलेल्या ताम्रपटात ज्या बंदरांवर आपल्या अमात्यांच्या जहाजांना जकात माफ केली, त्यांत ठाणे व चौल यांच्या जोडीने शूर्पारकही आहे.

असे हे बंदर कोणा शत्रूने बुडविले नाही. ते गाळाने बुजले. दोन्ही मुखांतून भरतीचे पाणी आत येई, मध्ये त्याचा वेग मंदावे आणि गाळ तेथेच बसे. गाळावर तिवरे वाढली. तिवरांनी आणखी गाळ धरला. मागाहून माणसांनी बांध घालून खाजणाची भातशेते केली, मिठागरे केली. सोपारा आणि गास यांच्या दरम्यानच्या सखल जमिनीत हा जलमार्ग हळूहळू विरून गेला. पाणी गेले तसा व्यापार गेला, आणि व्यापाराबरोबर लोकांची आठवणही गेली.

ती आठवण ज्यांनी जागी केली त्या भगवानलालांचा जन्म जुनागड येथे इ. स. १८३९ मध्ये झाला. गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तीवर अशोक, रुद्रदामन व स्कंदगुप्त या तिघांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. प्रिन्सेप साहेबांनी अशोकाची लिपी उलगडून त्या वेळी फार वर्षे लोटली नव्हती. त्या लिपीची वर्णमाला हाती येताच हा मुलगा शिळेपाशी जाऊन एकेक अक्षर जुळवू लागला, आणि छापील नकलांत चुका आहेत हे त्याच्या ध्यानी आले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांची पाठशाळा ही शिळाच होय.

‘रासमाला’कार फोर्ब्ज साहेबांच्या शिफारशीने विशी ओलांडल्यावर ते मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ सारस्वत, भगवानलाल नागर; एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची गुजराती. परंतु विद्येच्या कामी हा भेद दोघांच्याही मनात आला नाही. भाऊंसाठी त्यांनी लेण्यांतून, राजपुतान्यातून, उत्तर हिंदुस्थानातून आणि नेपाळपर्यंत प्रवास केला. ते लेखांचे ठसे घेत, नाणी जमवीत, पोथ्या उतरवीत. मथुरेस शीतलादेवीच्या ओट्यात बसविलेला सिंहशीर्षाचा दगड त्यांनी १८६९ मध्ये ओळखला. त्यावरील खरोष्ठी लेख आज जगभर अभ्यासिला जातो. या श्रमांवर भाऊंचे संशोधन उभे राहिले. मात्र भाऊंच्या हयातीत भगवानलालांचे नाव फारसे पुढे आले नाही. त्यांनी त्याची तक्रार केली नाही.

इ. स. १८७४ मध्ये भाऊ निवर्तले. आश्रय तुटला, आणि इंग्रजीवर प्रभुत्व नाही ही अडचण आता उघडी पडली, कारण विद्वानांचा सर्व व्यवहार त्या भाषेत चाले. भगवानलालांनी मार्ग काढला. ते गुजरातीत लिहीत आणि डॉ. ब्यूलर यांच्यासारखे पंडित त्याचे इंग्रजी करीत. प्राचीन अंक, नाणेघाट, नेपाळचे लेख, खारवेलाचा हाथीगुंफा लेख या विषयांवरील त्यांचे निबंध असेच प्रसिद्ध झाले. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर केले.

आता सोपाऱ्याची कथा. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम चालू असता, १८८२ च्या एप्रिलात, भगवानलाल सोपाऱ्यास आले. तेथे एक मातीचा उंचवटा होता. गावकरी त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. दुसऱ्या कोणी ती दंतकथा हसण्यावारी नेली असती; भगवानलालांनी ती ऐकून घेतली आणि उंचवटा काळजीपूर्वक खणविला. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी दगडी करंडा होता. त्यात ब्राँझच्या आठ मूर्तींच्या मधोमध तांब्याची डबी होती. तिच्या पोटात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि अखेर सोन्याची डबी निघाली. सोन्याच्या डबीत एका मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजिले गेले असावेत असे भगवानलालांनी प्रतिपादन केले. जवळच यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. त्यावरून त्यांनी स्तूपाचा काळ अनुमानिला. मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील असल्याचे पुढील अभ्यासकांनी ठरविले. म्हणजे मधली कित्येक शतके हे स्थान पूज्य राहिले होते.

त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ एक फुटका दगड सापडला. त्यावर अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा काही भाग होता. मृगयेचे दौरे सोडून राजाने धर्मयात्रा आरंभिल्या, असा त्या लेखाचा विषय. लहानपणी गिरनारच्या शिळेवर जी अक्षरे त्यांनी गिरविली, तीच अक्षरे या बुजलेल्या खाडीच्या काठी त्यांना पुन्हा भेटली. त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला, आणि सोपाऱ्यास हे लेख मालिकेने कोरलेले होते या समजुतीस बळकटी आली.

सोपाऱ्याच्या शोधानंतर भगवानलाल सहाच वर्षे जगले. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ते निपुत्रिक होते. नाण्यांचा संग्रह व मथुरेचे सिंहशीर्ष त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिले. भाऊ दाजींचा आणि भगवानलालांचा असे दोघांचेही पोथीसंग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. सोपाऱ्याचे करंडेही तेथेच आहेत.

या लेखकाने अनेक वर्षे मुलांना इतिहास शिकविला. सहलीस त्यांना रायगड दाखविला, अजिंठा दाखविला. पण हाकेच्या अंतरावरील कोट दाखविण्याचे फार उशिरा सुचले, हे कबूल करताना संकोच वाटतो. आज तो स्तूप सरकारी संरक्षणाखाली आहे. मात्र भोवतीच्या खाजणांवर भराव पडून इमारती उठल्या आहेत. शेते विकली जातात तशी शेतांची नावेही जात आहेत, आणि जुन्या पाण्याची शेवटची खूण त्या नावांतच उरली आहे. भगवानलाल गावकऱ्यांच्या तोंडच्या एका नावावरून स्तूपापर्यंत पोहोचले हे विसरू नये.

म्हणून सभासद बंधुभगिनींस एकच विनंती आहे. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर आपल्या शेतांची, बांधांची, उघाड्यांची आणि जुन्या धक्क्यांची नावे त्यांच्याकडून विचारून वहीत उतरून ठेवावीत. जुने दस्तऐवज रद्दीत घालू नयेत. आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तो कोट पाहून यावे. पदवी नसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या एका परक्या माणसाने आपली माती वाचली. ती आपल्याच मुलांना निदान ओळखता यावी, एवढी काळजी आपण घेतली तरी त्या पुण्यात्म्याचे ऋण अंशतः फिटेल.