बाप्तिस्म्याचे नाव आणि डॉ. सन यत-सेन



बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आईवडील कार्यालयात येतात, तेव्हा नोंदवहीतले बाकीचे रकाने पटापट भरले जातात. जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता. नावाच्या रकान्यापाशी मात्र गाडी अडते. आजीला संताचे नाव हवे असते, आत्याने भलतेच काही सुचवलेले असते, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त घातले की बाळाचे भाग्य उजळते, असे सांगणाराही कोणीतरी भेटलेला असतो. मी पेन हातात धरून वाट पाहत बसतो. अशा वेळी मला नेहमी एका चिनी माणसाची आठवण होते. त्याचे बाप्तिस्म्याचे नाव सगळ्या जगाने ऐकले आहे, पण ते बाप्तिस्म्याचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

डॉ. सन यत-सेन हे नाव आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असेल. चीनमधली दोन हजार वर्षांहून जुनी बादशाही संपली आणि १ जानेवारी १९१२ रोजी नानकिंग शहरात ज्यांनी प्रजासत्ताकाचे पहिले हंगामी अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, ते हेच. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, प्रोटेस्टंट होते. त्यांच्या आयुष्यात आपण अनुकरण करावे असे सगळेच नाही, तेही पुढे येईलच.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८६६ रोजी दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतात, त्सुइ-हंग या खेड्यात झाला. तालुक्याचे नाव ह्युंग-सान, म्हणजे सुगंधी डोंगर. गाव मकावपासून फार दूर नव्हते. मकाव तेव्हा पोर्तुगीजांचे होते, आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालत असे. या मुलखाची बोली कँटोनीज. चीनभर लिहिण्याची अक्षरे एकच असली, तरी तीच अक्षरे पेकिंगचा माणूस एका तऱ्हेने वाचतो आणि कँटनचा दुसऱ्या. त्यातून कँटोनीजमध्ये सूर सहा. एकच शब्द वरच्या सुरात म्हटला तर एक अर्थ, खालच्या सुरात म्हटला तर दुसरा. म्हणून मुलाचे नाव ठेवताना दोनदा विचार करावा लागतो: अक्षर दिसते कसे आणि कानाला लागते कसे. कागदावर उत्तम दिसणारे नाव हाक मारताना भलत्याच शब्दासारखे ऐकू आले, तर पोराचे शाळेत हाल ठरलेले!

आडनाव आधी येते. आपल्या कथानायकाचे आडनाव कँटोनीजमध्ये स्युन, अर्थ नातू. तान्हेपणी त्याला दुधाचे नाव मिळाले, तै-च्यंग. आपल्याकडे बाळाला बाळ्या किंवा बाब्या म्हणतात तसे हे घरातले नाव, पण यामागे आईची श्रद्धा होती. गावच्या देवळात पक-तै, म्हणजे उत्तरेचा सम्राट, या देवाची मूर्ती होती. आई त्याची भक्त. तिने देवाच्या नावातले तै हे अक्षर घेऊन मुलाला दिले. देवाच्या रूपाचा, असा काहीसा त्याचा अर्थ. पोर देवाच्या पदरात घातले की त्याला काही होणार नाही, हा भाव आपल्या आयांना समजावून सांगायला नको.

याशिवाय घराण्याच्या वंशावळीत त्याचे नाव तक-मिंग असे होते. यातले तक, म्हणजे सद्गुण, हे अक्षर त्याच्या एकट्याचे नव्हते. एका पिढीतल्या भावांना एक अक्षर सामाईक देण्याची तिकडे रीत आहे. थोरल्या भावाच्या नावातही तक होतेच. म्हणजे नावावरूनच कळावे, कोण कोणाचा काका आणि कोण कोणाचा पुतण्या. पुढे शाळेचे नाव मिळाले, मन. अर्थ अक्षरविद्या. लिहायला अवघ्या चार रेघा.

थोरला भाऊ हवाई बेटांवर जाऊन कष्टाने जमीनदार झाला होता. घरात नावाआधी आ लावून हाक मारायची कँटोनीज पद्धत. तिथल्या लोकांना ते काही कळले नाही, आणि तो कागदोपत्री आ-मी झाला. हवाईतल्या कितीतरी चिनी घराण्यांची आडनावे आज आ पासून सुरू होतात, ती अशीच. १८७९ साली धाकटा भाऊ तेराव्या वर्षी त्याच्याकडे गेला आणि होनोलुलूतल्या अँग्लिकन मिशनच्या शाळेत दाखल झाला, आईने ठेवलेल्या त्याच दुधाच्या नावाने. इंग्रजी व्याकरणात बक्षीस मिळवले. प्रार्थनेलाही जाऊ लागला. पोरगा ख्रिस्ती होतो की काय, या भीतीने भावाने १८८३ मध्ये त्याला परत गावी धाडले.

गावी आल्यावर त्याने जे केले ते मला आवडत नाही. लुक हो-तुंग नावाच्या मित्राला बरोबर घेऊन तो देवळात गेला आणि पक-तैच्या मूर्तीचा हात त्याने मोडला. मूर्तीत काही नाही हे लोकांना दाखवायचे होते म्हणे. सतरा वर्षांचा मुलगा, नवी विद्या, नवे रक्त. पण ज्या देवाचे अक्षर आईने त्याच्या नावात घातले, त्याच देवाचा हात मोडताना तिला काय वाटले असेल, हा विचार त्याने केला असेल असे दिसत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेवर हात उगारणे म्हणजे ख्रिस्ताची साक्ष नव्हे. गाव खवळले आणि मुलाला हाँगकाँगला निघून जावे लागले.

तिथे १८८४ मध्ये हेगर नावाच्या तरुण अमेरिकन मिशनऱ्याकडून त्याने बाप्तिस्मा घेतला. स्थळ म्हणजे ब्रिजेस स्ट्रीटवरची मिशनची साधी खोली. मंडळीच्या नोंदवहीत नाव लिहिले गेले स्युन यत-सन. यत म्हणजे दिवस, सन म्हणजे नवा. दररोज नवे होत जावे, ही कल्पना कन्फ्यूशियस परंपरेच्या 'महाविद्या' या जुन्या ग्रंथातली. इथे थोडे थांबू या. नव्या जन्माचा संस्कार घेताना त्याने पीटर किंवा पॉल न होता आपल्याच पूर्वजांच्या ग्रंथातून असा शब्द निवडला की जो बाप्तिस्म्याचाही अर्थ सांगेल. आईने दिलेले देवाचे अक्षर मागे पडले, पण पूर्वजांची विद्या बरोबर आली. बाप्तिस्म्याने माणूस आपल्या मातीतून उपटला जात नाही, हे आपण प्रवचनात पुष्कळदा सांगतो. त्या मुलाने ते दोन अक्षरांत लिहिले होते.

मग त्याचे चिनी भाषेचे शिक्षक औ फुंग-ची यांनी एक बदल सुचवला. तेही ख्रिस्ती प्रचारक होते. आवाज जवळजवळ तोच ठेवून अक्षरे बदलली: यत-सीन. आता यत म्हणजे गडबडीतून सुटलेला, निवांत; आणि सीन म्हणजे सिद्धपुरुष. हे दुसरे अक्षर माणूस आणि डोंगर ही दोन चिन्हे शेजारी ठेवून लिहितात. कँटनच्या माणसाच्या कानाला फरक एवढासा, कागदावर मात्र अर्थ पार वेगळा. पेकिंगच्या उच्चारात हीच दोन नावे मुळीच सारखी ऐकू येत नाहीत. हा खेळ कँटोनीजमध्येच जमतो. तेच यत-सीन इंग्रजीत यत-सेन झाले.

बाप्तिस्म्याची बातमी हवाईला पोचली तेव्हा थोरल्या भावाने त्याला बोलावून घेतले आणि त्याच्या नावे केलेली मालमत्ता काढून घेतली. धाकट्याने मुकाट्याने सही करून दिली. पुढे याच भावाने आपली सगळी जमीन आणि गुरेढोरे धाकट्याच्या क्रांतीपायी घालवली आणि तो कंगाल झाला.

१८९२ मध्ये हाँगकाँगच्या वैद्यकीय विद्यालयातून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. पण देशच आजारी असताना नाड्या तपासत बसणे त्यांना जमेना. १८९५ मध्ये कँटन शहरात उठावाचा बेत ठरला आणि फुटला. सगळे पांगले. देवळातला तो मित्र लुक हो-तुंग सुरक्षित निसटला होता. पण सभासदांच्या नावांची यादी मागे राहिल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि ती नष्ट करण्यासाठी तो उलट फिरला. यादी शत्रूच्या हाती पडली नाही, तो मात्र पडला. अतोनात छळ होऊनही त्याने कोणाचे नाव सांगितले नाही. त्याचा शिरच्छेद झाला.

सरकारने सन यांच्यावर इनाम लावले. जाहीरनाम्यांत त्यांचे शाळेचे नाव लिहिले, पण मन या अक्षराच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब जोडून. बंडखोरांची नावे अशी विद्रूप करण्याची सरकारी रीत होती. अक्षरविद्या नावाच्या माणसाला तीन थेंबांनी लुटारू करून टाकले!

१८९६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या चिनी वकिलातीने त्यांना बारा दिवस कोंडून ठेवले. परत पाठवले असते तर मृत्यू ठरलेला. तिथल्या एका इंग्रज नोकराने चिठ्ठी बाहेर नेली, जुने गुरुजी डॉ. कँटली यांनी वर्तमानपत्रे आणि सरकारचे दरवाजे ठोठावले आणि सुटका झाली. त्या हकिगतीचे पुस्तक निघाले, आणि बाप्तिस्म्याचे नाव युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचले.

१८९७ मध्ये ते जपानला गेले. टोकियोच्या खाणावळीत नाव नोंदवायची वेळ आली. खरे लिहिणे धोक्याचे. बरोबरच्या जपानी मित्राला वाटेत पाहिलेला नाकायामा नावाच्या सरदाराचा वाडा आठवला आणि त्याने तेच आडनाव लिहून टाकले. सन यांनी कुंचला घेऊन पुढे लाकूडतोड्या हे अक्षर जोडले. नाकायामा म्हणजे मधला डोंगर. कँटोनीज वाचन चुंग-सान, पेकिंगचे चुंग-शान. पुन्हा डोंगर आलाच! चीनमध्ये आज त्यांना ओळखतात ते याच नावाने. गावोगावचे रस्ते, कँटनचे विद्यापीठ, १९२५ पासून त्यांचा तालुकासुद्धा, सगळे चुंग-शान. ज्या देशाने १९३७ मध्ये नानकिंग बेचिराख केले, त्याच देशातल्या एका सरदाराच्या वाड्यावरून ते नाव आले आहे.

अध्यक्षपद त्यांनी तीन महिन्यांतच सोडले, पुढे पुन्हा परागंदा झाले. १९१५ मध्ये त्यांनी सुंग छिंग-लिंग या तरुणीशी लग्न केले. पहिली पत्नी लु मू-चन हयात होती आणि तिच्यापासून तीन मुले होती. सुंग यांच्या ख्रिस्ती आईवडिलांनी कडकडून विरोध केला. धर्मगुरू म्हणून मला त्यात त्या आईवडिलांचेच म्हणणे पटते. लु मू-चन यांनी पुढचे आयुष्य मकावमध्ये काढले आणि १९५२ मध्ये त्या तिथेच वारल्या.

कर्करोगाने खंगलेल्या सन यांनी ११ मार्च १९२५ रोजी पेकिंगमध्ये मृत्युपत्रावर सही केली. हात थरथरत होता, मनगट पत्नीने धरले होते. सही केली ती शाळेच्या नावाने, स्युन मन, पाण्याच्या थेंबांशिवाय. दुसऱ्या दिवशी प्राण गेला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या चॅपेलमध्ये ख्रिस्ती प्रार्थना झाली.

आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नसत, घेतलेच तर उखाण्यात. चिनी रीतीतही थोरांचे नाव उच्चारत नाहीत. १९२९ साली नानकिंगच्या डोंगरावर त्यांना पुरले, तिथे एका उंच शिळेवर सोनेरी चोवीस अक्षरे आहेत. पक्षाने आपले अध्यक्ष श्रीयुत सन यांना येथे पुरले, एवढेच आणि तारीख. तै-च्यंग नाही, मन नाही, यत-सेन नाही, चुंग-शानही नाही. फक्त आडनाव, नातू.