सतीधर्माचा खरा अर्थ : जानकीदेवी बजाज

‘सती’ हे ‘सत्’ या शब्दाचे स्त्रीरूप होय. सत्याला धरून राहते ती सती, असा त्याचा सरळ अर्थ. कालांतराने लोकव्यवहारात पतीच्या चितेवर देह ठेवणारी ती सती, एवढाच संकुचित अर्थ उरला. वर्धा येथील एका साध्वी गृहिणीने आपल्या जीवनाने या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळवून दिला. त्या गृहिणी म्हणजे शेठ जमनालाल बजाज यांच्या सहधर्मचारिणी जानकीदेवी.

जानकीदेवींचा जन्म ७ जानेवारी १८९३ रोजी माळव्यातील जावरा येथे एका संपन्न वैष्णव मारवाडी कुटुंबात झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षापूर्वीच त्यांचा विवाह झाला. वर जमनालाल हे वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांचे दत्तक नातू. १९०२ मध्ये ही बालवधू वर्ध्यास आली. घरात ऐश्वर्याला तोटा नव्हता. परंतु पतीचे मन ऐश्वर्यात रमणारे नव्हते. १९०७ मध्ये एका विवाहसमारंभास दागिने घालून जाण्याच्या प्रश्नावरून आजोबांचा रोष झाला, तेव्हा सतरा वर्षांच्या जमनालालांनी सर्व संपत्तीवरील हक्क सोडल्याचे पत्र लिहून घर सोडले. पुढे समजूत घातल्यावर ते परतले. पण त्या दिवसापासून संपत्तीचे आपण केवळ विश्वस्त आहोत, ही भावना त्यांनी कधी सोडली नाही. अशा पुरुषाच्या संसारात आपल्या वाट्याला काय येणार आहे, याची चाहूल जानकीदेवींस तेव्हाच लागली असेल.

त्यांची पहिली परीक्षा सोन्याने घेतली. परीक्षित राजाने कलीला राहण्यास जी स्थाने दिली, त्यांत सुवर्णाचाही समावेश आहे, ही श्रीमद्भागवतातील कथा वाचकांस परिचित आहेच. सोने कलीचे रूप आहे, ते पाहणाऱ्याच्या मनात मत्सर उत्पन्न करते, हा विचार पतीकडून समजताच जानकीदेवींनी अंगावरील सुवर्णालंकार उतरवून ठेवले. त्या वेळी त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. ज्या समाजात दागिना हेच सौभाग्याचे आणि कुळाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह, तेथे पती हयात असता असे निर्भूषण राहणे किती कठीण, हे कोणत्याही गृहिणीस सांगावे लागणार नाही. उतरवलेले सोने त्यांनी पुन्हा कधी अंगावर घातले नाही.

सोन्यामागोमाग पडदा गेला. १९१९ मध्ये पतीच्या सूचनेवरून त्यांनी घुंघट सोडला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेशमी वस्त्रे गेली आणि त्यांच्या जागी खादी आली. घरातील परदेशी कापडाची होळी झाली. त्या स्वतः सूत कातू लागल्या आणि शेकडो स्त्रियांस त्यांनी कातणे शिकविले. एके काळी परपुरुषासमोर मुख न दाखविणारी ही शेठाणी सभांतून बोलू लागली आणि १९३२ मध्ये देशासाठी तुरुंगातही गेली.

सर्वांत कठीण परीक्षा देवाच्या दारी झाली. जुलै १९२८ मध्ये बजाज कुटुंबाचे वर्धा येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले करण्यात आले. सनातनी ज्ञातिबांधवांचा रोष आणि बहिष्कार ओढवला. पुरुषाला बहिष्कार बाजारात जाणवतो. स्त्रीला तो लग्नकार्यात, हळदीकुंकवात, सोयरिकीत, दररोज जाणवतो. वैष्णव घराच्या संस्कारांत वाढलेल्या जानकीदेवी या प्रसंगी पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सर्व भूतांच्या हृदयात ईश्वर वसतो हे गीतेचे वचन मान्य केल्यावर, त्याच्याच मंदिराचे दार एखाद्यास बंद कसे ठेवावे?

माता म्हणूनही त्यांचे व्रत असेच होते. कमला, कमलनयन, मदालसा, उमा आणि रामकृष्ण ही त्यांची अपत्ये श्रीमंतीच्या कोडकौतुकात न वाढता आश्रमाच्या शिस्तीत, विनोबाजींच्या सहवासात वाढली. ज्येष्ठ कन्येचा विवाह १९२६ मध्ये साबरमती आश्रमात थाटमाट वर्ज्य करून झाला. १९३४ नंतर महात्मा गांधींचे वास्तव्य वर्ध्यास आणि पुढे सेवाग्रामला झाले, तेव्हा देशभरातून येणाऱ्या पाहुण्यांनी बजाजवाडी सतत भरलेली असे. अतिथिसेवा हा गृहस्थाश्रमाचा नित्ययज्ञ. तो या घरात अक्षरशः चालला.

जीवनाच्या अखेरच्या काळात जमनालालजींनी गोसेवेस वाहून घेतले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते अकस्मात दिवंगत झाले. शोकाने व्याकूळ झालेल्या जानकीदेवींच्या मनात पतीबरोबर सती जावे, असे आले. सेवाग्रामहून धावून आलेल्या गांधीजींनी त्यांस समजाविले की, देह जाळणे हा सतीधर्म नाही. मोह जाळून पतीचे अपुरे कार्य हाती घेणे हाच खरा सतीधर्म. त्या शब्दांचा अर्थ जानकीदेवींनी तत्काळ ग्रहण केला. त्यांनी आपली संपत्ती आणि आपले उर्वरित आयुष्य गोसेवेस अर्पण केले. अखिल भारतीय गोसेवा संघाचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. १९५१ मध्ये विनोबाजींची भूदानयात्रा सुरू झाल्यावर त्या तिच्यात सहभागी झाल्या. पाण्यावाचून मिळालेली जमीन गरिबास काय उपयोगाची, हे ओळखून कूपदानाच्या, म्हणजे विहिरींच्या दानाच्या कार्यासाठी त्या गावोगाव हिंडल्या. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांस ‘पद्मविभूषण’ देऊन गौरविले.

१९७२ मध्ये ज्येष्ठ पुत्र कमलनयन यांच्या निधनाचा आघात त्यांच्यावर वृद्धापकाळी कोसळला. १९७९ मध्ये त्या स्वतः इहलोक सोडून गेल्या.

चितेचा अग्नी एका प्रहरात विझतो. पतीच्या मागे जानकीदेवी सदतीस वर्षे जगल्या आणि ज्या अग्नीत त्यांनी स्वतःस अर्पण केले, तो सेवेचा अग्नी होता. दागिना सोडणे, दार उघडणे, दुःखातून उठून दुसऱ्याच्या तहानेचा विचार करणे, ही कर्मे कोणत्याही घरात घडू शकतात. त्यांसाठी वनात जावे लागत नाही, की शेठाणी असावे लागत नाही.