विल्यम केरी : बूट शिवणारा मुलगा ते मराठीचा व्याकरणकार



पाचवीच्या वर्गात शब्दकोश कसा पाहायचा हे शिकवत होते. एका मुलानं विचारलं, मॅडम, मराठीचे शब्द असे ओळीनं पहिल्यांदा कुणी लावले? मी मोल्सवर्थ यांच्या 1831 च्या कोशाचं नाव सांगितलं. घरी येऊन पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्याच्याही 21 वर्षं आधी एक मराठी कोश छापला गेला होता. तोही मुंबई-पुण्यात नव्हे, तर बंगालमध्ये. करणारा होता एक इंग्रज बाप्टिस्ट धर्मप्रचारक, विल्यम केरी. दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझी चूक सुधारली आणि मग ही गोष्ट सांगितली. तीच इथे देत आहे.

बालपण व शिक्षण

विल्यम केरी यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते, पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. घरची परिस्थिती बेताची. विल्यमला शेतात कामाला लावलं, पण ऊन लागलं की त्याच्या त्वचेला त्रास व्हायचा. म्हणून त्याला बूट शिवण्याचं काम शिकायला पाठवलं. काम करता करता तो पुस्तकं वाचायचा. कुणाची मोठी मदत नसताना त्याने लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच आणि डच या भाषा शिकून घेतल्या.

1781 मध्ये डॉरथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचं लग्न झालं. डॉरथीला लिहिता येत नव्हतं, लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली मारली. पुढे केरी मोल्टन गावात बाप्टिस्ट मंडळीचे धर्मोपदेशक झाले. एवढ्यात घर चालत नव्हतं, म्हणून ते शाळाही चालवत आणि बूटही शिवत.

छोट्या बैठकीतून मोठा प्रवास

दूरदेशी जाऊन धर्मप्रचार करावा असं केरींना वाटत होतं. त्यांच्या मंडळीतल्या अनेकांना हे पटत नव्हतं. केरींनी 1792 मध्ये या विषयावर पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंग गावातल्या एका घरात मोजकी माणसं जमली आणि बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशी वर्गणीचा आकडा झाला 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स.

डॉरथी भारतात यायला तयार नव्हती. लहान मुलं, त्यात ती गरोदर. पण जहाजाचं जाणं लांबलं, तिचं बाळंतपण झालं आणि शेवटी बहीण सोबत येणार म्हटल्यावर ती निघाली. जून 1793 मध्ये निघालेलं डॅनिश जहाज नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याजवळ पोचलं.

कठीण वर्षे

ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या राज्यात धर्मप्रचारक नको होते. पैसे संपले. केरींनी मदनावती इथे निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी धरली. 1794 मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. त्या धक्क्यातून डॉरथी सावरली नाही. तिचं मानसिक संतुलन बिघडलं आणि 1807 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती आजारीच राहिली. बरीच वर्षं तिला एका खोलीत ठेवावं लागलं आणि शेजारच्या खोलीत केरींचं भाषांतराचं काम चालू असायचं.

मित्रांनो, केरींच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. मला तसं करावंसं वाटत नाही. मोठ्या माणसाच्या कामाची किंमत घरातलं कोणीतरी भरत असतं. मुलांना हेही कळायला हवं.

श्रीरामपूरचे मिशन

10 जानेवारी 1800 रोजी केरी श्रीरामपूरला आले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे बरं का! हे हुगळी नदीच्या काठचं, कलकत्त्याच्या उत्तरेचं गाव. तिथे तेव्हा डेन्मार्कची सत्ता होती, म्हणून कंपनीला हात घालता येत नव्हता.

जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना आणि विल्यम वॉर्ड हे आधीच आले होते. वॉर्ड छपाईतले जाणकार. मार्शमन पती-पत्नी शाळा चालवत आणि त्या उत्पन्नावर मिशनचा बराच खर्च भागे. सगळी कुटुंबं एकत्र राहत, स्वयंपाक एक, जेवण एकत्र आणि कमाईही एकाच पेटीत. आठवड्यातून एकदा सगळे बसून मनात साचलेले रुसवे-फुगवे बोलून मोकळे होत. आपल्या शाळांच्या स्टाफ मीटिंगमध्येही असं झालं तर किती बरं!

मराठीशी नाते

1801 मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी महिना 500 रुपये पगारावर शिकवू लागले. हा पगारही ते मिशनच्या पेटीत टाकत. आधी बंगाली आणि संस्कृत शिकवायचे, पुढे मराठीही आली. शिकवायचं तर पुस्तक हवं आणि पुस्तक तर नव्हतं! म्हणून 1805 मध्ये त्यांनी इंग्रजीतून मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश. त्या काळी आपला रोजचा पत्रव्यवहार मोडीत चाले, म्हणून या कोशातले मराठी शब्द मोडीत छापले. दादोबा पांडुरंग यांचं मराठीतलं व्याकरण 1836 चं, म्हणजे यानंतर तीन दशकांनी.

पण केरी तर महाराष्ट्रात राहिलेच नव्हते, मग मराठी शिकले कुणाकडून? त्यांचे शिक्षक होते नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा. कॉलेजात मराठीचं बरंचसं काम वैजनाथांच्या हातचं होतं. सिंहासन बत्तिशी, हितोपदेश अशी मराठी पुस्तकं 1814 पासून श्रीरामपूरला छापली गेली, त्यामागेही तेच होते. अक्षरांचे खिळे घडवले पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी. मुखपृष्ठावर केरींचं नाव आलं, पण पुस्तक उभं राहिलं ते या सगळ्यांच्या खांद्यावर.

आग आणि पुन्हा सुरुवात

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे साठे, खिळे आणि केरींनी तयार केलेलं बहुभाषी कोशाचं हस्तलिखित जळून गेलं. केरी तेव्हा कलकत्त्यात होते. परत आल्यावर रडत न बसता त्यांनी काम पुन्हा हाती घेतलं. वितळलेला धातू गोळा करून नवे खिळे पाडले आणि काही महिन्यांत छपाई सुरू झाली.

पुढील कार्य

1818 मध्ये श्रीरामपूर कॉलेज सुरू झालं, ते आजही चालू आहे. केरींना झाडांचं फार वेड. 1820 मध्ये त्यांनी शेती आणि बागायतीसाठी संस्था काढली. डिसेंबर 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा झाला आणि त्याचा मजकूर बंगाली भाषांतरासाठी केरींकडे आला, तो नेमका रविवारी. रविवार म्हणजे प्रवचनाचा दिवस. पण एक दिवस उशीर झाला तरी एखाद्या बाईचा जीव जाईल, म्हणून त्यांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपवलं आणि दिवसभर बसून भाषांतर पूर्ण केलं. 9 जून 1834 रोजी श्रीरामपूरलाच त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यावे?

केरींचा हेतू धर्मप्रचाराचा होता हे लपवायचं कारण नाही. तो सर्वांना पटेल असंही नाही. अनेक भाषांत घाईने केलेल्या त्यांच्या भाषांतरांवर टीकाही झाली. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपल्यात विशेष हुशारी नाही, चिकाटी मात्र आहे, असं ते स्वतःबद्दल मानत. रोज थोडं थोडं, न सोडता, हीच त्यांची पद्धत. आपल्या वर्गातल्या मागे पडणाऱ्या मुलाला सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती?

मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा केरींबरोबर आणखी दोन नावं नक्की घ्या. एक पंडित वैजनाथ, कारण प्रत्येक शिकणाऱ्यामागे एक शिकवणारा असतो. दुसरी डॉरथी, कारण तिला विचारलं असतं तर ती कदाचित घरीच राहिली असती.

नंतर मुलांना एक छोटा उपक्रम द्या. घरच्या बोलीतले दहा शब्द गोळा करून वर्णक्रमाने लावायचे आणि समोर अर्थ लिहायचा. माझ्या वर्गाने हे केलं तेव्हा एका मुलीने आजीकडून आणलेले चार शब्द मलाही माहीत नव्हते. त्या दिवशी तीच माझी पंडित झाली.