कमलाबाई आणि वालाचा दाणा

आमच्या मोहन्यातली एक मुलगी रसायनशास्त्रात पीएच. डी. झाली आणि आता परदेशात पोस्टडॉक करते आहे. तिच्या टेबलावर ना परीक्षानळी ना बर्नर, फक्त संगणक. प्रथिनाचा रेणू पाण्यात कसा हलतो, दुसऱ्या रेणूला नेमका कुठे चिकटतो, याचं ती गणित मांडते. मागच्या हिवाळ्यात ती घरी आली होती, तेव्हा मी सहज डोकावलो. तिची आई बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. वाल पाहून मला कमला सोहोनी आठवल्या. मुलीला दुर्गा भागवत ठाऊक होत्या, त्यांच्या या बहिणीचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. नवल वाटलं, कारण तिच्या विषयाची एक वाट या बाईंच्या अंगणातून जाते.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्राचे, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. उत्तम गुणांनी पास झाल्यावर मुलीनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करायची तयारी त्यांनी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींसह: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, संचालकांचं समाधान झालं तरच काम मान्य होईल, आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. नोबेल मिळालेल्या माणसाचं हे वागणं आज वाचतानाही बोचतं. कमलाबाई तो अपमान अखेरपर्यंत विसरल्या नाहीत. वर्षभरात मात्र रामन यांना आपलं मत बदलावं लागलं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. तिथून केंब्रिज. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते जीवनसत्त्वांच्या कामासाठी नोबेल मिळालेले हॉपकिन्स. आधी डेरेक रिश्टर आणि मग वनस्पतींचे अभ्यासक रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन असतं आणि श्वसनात ते भाग घेतं. पीएच. डी.चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा! विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला म्हणून ओळखल्या जातात. १९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स.

मुंबईत त्यांनी निवडलेले विषय पाहिले की मला डॉक्टर म्हणून त्यांच्याबद्दल विशेष आदर वाटतो. नीरा, भाताचं पीठ, कडधान्यं. सगळं गरिबाच्या ताटातलं. नीरेवरचं काम राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून झालं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांना नीरेचा फायदा होतो, असं त्यातून दिसलं आणि त्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

आता वालाकडे येऊ. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करण्याचं काम स्वादुपिंडातून आतड्यात येणारं ट्रिप्सिन हे विकर करतं. कडधान्याच्या दाण्यात काही प्रथिनं अशी असतात की ती ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन अडकून बसतात. कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसं. किल्ली फिरत नाही, बाहेरही येत नाही, आणि मग खाल्लेलं प्रथिन पुरतं पचत नाही. किडींपासून दाणा वाचवायची ही झाडाची युक्ती. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने भारतीय खाद्यपदार्थांतले असे रोधक शोधले. वाल आणि डबल बी यांतले रोधक तर स्फटिकरूपात वेगळे काढले. ते काम १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

या रोधकांचा बराचसा नाश उष्णतेने होतो. आपल्याकडे वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवून खातात ते उगाच नाही. मला स्वतःला हे उशिरा उमगलं. कित्येक वर्षं ओपीडीत किडकिडीत मुलांच्या आयांना मी मोड आलेली कडधान्यं द्या एवढंच सांगत असे. गॅस वाचवायला घरात ती अर्धीकच्चीच राहतात, हे एका आजीने सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून बोटाने दाबल्यावर दाणा मऊ लागेपर्यंत शिजवा, हेही सांगतो.

आणि संगणकाची वाट? संगणकावर हलवून पाहिलेलं पहिलं प्रथिन ट्रिप्सिनरोधकच होतं. वालातलं नव्हे, गाईच्या स्वादुपिंडातलं. रचना वेगळी, काम तेच. ५८ अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन हार्वर्डमध्ये मार्टिन कार्प्लस यांच्या गटाने निवडलं. हिशेब करणाऱ्यांत अँड्र्यू मॅकॅमन हा तरुण पोस्टडॉक होता. १९७७ मध्ये त्यांनी प्रत्येक अणूवर पडणारं बळ मोजत रेणूची हालचाल काढली, तीही दहा पिकोसेकंदांहून कमी वेळेची. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तोवर स्फटिकातलं प्रथिन दगडासारखं स्थिर वाटायचं. ते आतून सतत थरथरतं हे या गणितात दिसलं. अशा संगणकीय पद्धतींसाठी कार्प्लस यांना २०१३ मध्ये इतर दोघांसह नोबेल मिळालं. आज औषधाचा रेणू विकराच्या खाचेत बसेल का, हे प्रयोगाआधी याच धर्तीवर तपासतात.

पण संगणकाला आधी रेणू हवा. दाणे दळून, गाळून, पुन्हा पुन्हा शुद्ध करून तो कुणीतरी हातात घ्यावा लागतो. कमलाबाईंच्या वाट्याला ते काम आलं. इन्स्टिट्यूटचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही त्यांना काही वर्षं उशिरानेच मिळालं. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या, १९८२-८३ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या, भेसळीविषयी साध्या भाषेत लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत आयसीएमआरने त्यांचा सत्कार केला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

ती मुलगी परत जाताना आईने दिलेले सुके वाल घेऊन गेली. त्यांच्या रोधकाची रचना कुणी काढून ठेवली आहे का, ते शोधून कळवते म्हणाली आहे.